नदीची कविता आणि सहा आण्यांचा तास

१० जाने. १९५५, सोम.
पहाटे पुन्हा तोच आवाज कानात. शाळेच्या पडवीत चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणून राह्यली अन् पंतोजी टेबलावर छडीनं ठेका धरून. पन्नास वर्षं झाली. ठेका अजून मनगटात आहे, रंधा त्याच्यावरच चालतो.

मोहनशेठ कापडवाल्यांच्या नव्या दुकानात फळ्यांचं काम धरलं. दिवसाचे तीन रुपये मागितले. शेठ म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही खिडकीतून ढग बघत बसता. दिवस न्हाई, तास धरू. सहा आणे तास. ते बघा घड्याळ." भिंतीवर नवं कोरं, लंबकाचं. आठ तासांचे तीनच होतात. मंग एवढी घासाघीस कशाला? काहीतरी आहे.

११ जाने.
तंबाखूची चंची काढली की शेठची नजर घड्याळाकडं. माझी पण. आजचा तास जड वाटला. सरता सरेना.

१२ जाने., बुध.
मोजलं.
पंतोजींची शिक्षा होती, तासभर उभं राहून नदीची कविता. वीसदा झाली की घंटा. एकविसावी कधी सुरू झाली न्हाई. आज रंध्याच्या ठेक्यावर मनातल्या मनात म्हटली, नऊच्या टोल्यापासून दहाच्या टोल्यापर्यंत. तेवीस! म्हंजे शेठचा तास लांब. तीन कवितांएवढं काम फुकट. दुपारी पुन्हा मोजली. तेवीसच.

विचारावं कुणाला? अख्ख्या जाफराबादेत ओळखीच्या दोघांच्या मनगटावर घड्याळ, दोन्ही शेठच्याच घड्याळावर लावलेली. शेठचा दिवाणजी आज फार गोड बोलला. चहा पाजला. का?

१४ जाने., संक्रांत
बोलायचं नव्हतं. शेठनं तिळगूळ पुढं केला, सात-आठ गिऱ्हाइकं बसलेली, अन् तोंडातून गेलंच, "शेठ, तुमचं घड्याळ खोटं चालतं." कसं कळलं तेही सांगून टाकलं. वीस अन् तेवीस.
शेठ हळूच म्हणाले, "तीस वर्षं कापड मोजतो, मिस्तरी. गज खोटा धरला न्हाई कधी. तास खोटा ठेवीन?"
हत्यारं पिशवीत भरून निघालो. मागून दिवाणजी, "कवितेनं तास मोजून राह्यले म्हातारे! उद्या अभंगानं गहू मोजतील!" हसले सगळे. शेठ न्हाई हसले. तिळगूळ हातातून कुठं पडला कोण जाणे.

१६ जाने., रवि.
गावचे सुतार घरी आल्ते. अकरा जण. तासावर काम कुणीच धरायचं न्हाई, रोज सव्वातीन रुपये मागायचा, बिलकुल ठरलं. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "नानांनी मोजलंय म्हंजे मोजलंय." छाती फुगली, खोटं कशाला लिहू.
जाताना एकजण बोलला, शेठकडं गिऱ्हाईक कमी झालं म्हणे. ज्याचं घड्याळ असं त्याचा गज कसा असेल... हे मी म्हटलं न्हाई. मी घड्याळाचं म्हटलं.

२० जाने., गुरु.
बाजारात दगडू भेटला, शाळेतला. मेंढ्या विकायला आल्ता. देवळाच्या ओट्यावर बसून दोघांनी नदीची कविता लावली. चार कडवी बराबर. मंग मी पुढं, तो मागं. थांबलाच.
"नारू, नावाडी कुठं गेला रे? बुडवलास का?"
पाचवं कडवं. नावाडी वल्हं उचलून काठाकडं पाहतो ते. आठ कडव्यांची कविता, मी सातच म्हणून राह्यलो. कधीपासून?
वाटेत दगडूवरच संशय घेऊन पाहिला, त्यानंच घुसवलं असेल. पण न्हाई. त्या कडव्यात पंतोजींचा आवाज आहे, जरा घोगरा. घरी बोटं मोजली. तेवीस सत्ते एकशे एकसष्ट, वीस आठे एकशे साठ. पुरी म्हटली तर तासाला वीसच बसतात. म्हंजे घड्याळ बराबरच...

२१ जाने.
दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेल्तो. शेठ एकटेच गादीवर, गज मांडीवर. परत फिरलो. अकरा जण सव्वातीन मागून बसलेत माझ्या भरवशावर. त्यांना काय तोंड दाखवू? अन् शेठला तरी...
नावाडी आता जातच न्हाई डोक्यातून. इतकी वर्षं कुठं दडला होता लेकाचा?

२३ जाने., रवि.
दार वाजलं. सुतारांपैकी कुणी असेल म्हणून उघडलं. शेठ! एकटे, पायी. या गल्लीत त्यांना मी आजवर पाह्यलेलं न्हाई. हातात साखळीचं घड्याळ, काल जालन्याला जाऊन आणलं, स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून.
"मिस्तरी, तासभर बसतो. तुम्ही कविता म्हणा, मी मोजतो. वीस झाल्या तर माझं भिंतीवरचं खोटं. चौकात उभा राहून सांगीन. अन् तेवीस झाल्या तर..." पाटावर बसले.

पाणी आणतो म्हणून आत आलोय अन् हे लिहून राह्यलो. कविता पुरी म्हटली की शेठ खोटे ठरतात. नावाडी गाळला की मी.
बाहेरून हाक, "मिस्तरी, झालं का? आता बराबर दहा होतील."