भरल्या ताटावरून

अण्णा, आपल्या गावचा आगीचा भोंगा मघाशी पुन्हा वाजला. तुमची नात नुकती जेवायला बसली होती. हातातला घास तिनं ताटात ठेवला, नळाखाली हात धुतला आणि "आई, आय हॅव टू गो, उरलेलं आल्यावर खाते" म्हणत किल्ल्या घेऊन पळालीसुद्धा. नदीपलीकडे धूर दिसतोय. आगीवर गेले असताना फोन करायचा नाही, असं तिनं मला बजावून ठेवलंय. मग मी करू काय? तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जीव घाबरला की मला अजून तुम्हीच आठवता.

'आपलं गाव' म्हटलं खरं. पाटीवर 'सिटी' लिहिलेलं असूनही तुम्ही कराडहून इकडे परदेशात आल्या आल्या त्याला गाव ठरवून टाकलं होतंत. तेव्हा ही तिसरीत होती आणि शाळेनं 'माझं शहर' असा प्रोजेक्ट दिला होता. मी म्हटलं, इंटरनेटवरून चार फोटो छापून देते, झालं काम. तुम्ही भडकलात. आयुष्यभर चौथीच्या पोरांना शिकवलेले मास्तर तुम्ही! तिला समोर बसवलंत आणि कराडच्या शाळेत विचारायचात तेच प्रश्न सुरू केलेत. नदी कुठली? गावाचं नाव कशावरून पडलं? पूर्वी लोक पोटापाण्यासाठी काय करायचे? ग्रामदैवत कोणतं? तिनं माझ्याकडे पाहिलं. "आई, व्हॉट इज ग्रामदैवत?" मी म्हटलं, "अण्णा, इथे असलं काही नसतं." "गाव आहे म्हणजे असणारच," म्हणालात आणि माकडटोपी चढवून नातीला घेऊन बाहेर पडलात.

लायब्ररीतल्या बाईंना तुमचं इंग्रजी कसं कळलं, देव जाणे. पण घरी आलात ते अख्खं गाव खिशात घालून. नदीकाठी सुताची गिरणी होती. तिथे आधी आयरिश आले, मग कॅनडातून फ्रेंच बोलणारे, मग पोलिश. आधी आलेल्यांनी नंतरच्यांना नावं ठेवली आणि पुढे त्यांच्याच घरात मुली दिल्या. गिरणी बंद पडून तिथे फ्लॅट झालेत, त्यात आता पुण्या-नागपूरचे आपले लोक राहतात आणि कामाला जवळच्या श्रूजबरी गावाकडे जातात. मी स्वतः त्याच गिरणीतल्या फ्लॅटमध्ये पहिली दोन वर्षं काढली होती, आणि मला ठाऊक काय होतं, तर इंडियन स्टोअर किती लांब आहे ते!

ग्रामदैवत मात्र सापडत नव्हतं. मग त्या रविवारी फायर स्टेशनवर पॅनकेकची पंगत होती. इथला बंब पगारी माणसं चालवत नाहीत. कुणी प्लंबर, कुणी शाळेच्या बसचा ड्रायव्हर, भोंगा वाजला की असेल तिथून धावतात. तीच माणसं एप्रन बांधून सगळ्या गावाला वाढत होती. तुम्ही भिंतीवरचे बंबवाल्यांचे जुने फोटो बघत फिरत होतात. मिशांची वळणं बदलत गेली होती, चेहरेही. "यात आपलं कुणी दिसत नाही," तुम्ही म्हणालात. मी हसले. "अण्णा, आम्ही आयटीतली माणसं, आम्हाला साधा बल्ब बदलायला माणूस लागतो." नात तुमचं बोट धरून उभी होती, ती हे ऐकतेय याकडे माझं लक्षच नव्हतं.

वाढणारे नुकते स्वतः खायला बसले आणि भोंगा वाजला. काटे टाकून सगळे पळाले. घरात तुम्ही कुणाला भरल्या ताटावरून उठू दिलं नाहीत. लहानपणी मैत्रिणीनं हाक मारली म्हणून मी उठले, तर दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात. मला वाटलं, आता तुमच्या कपाळावर आठी दिसणार. तर तुम्ही स्वतःची डिश पुढे सरकवलीत आणि हात मांडीवर ठेवून बसलात. मी म्हटलं, "खा ना, गार होतंय." "ती पोरं येऊ देत," म्हणालात. बंब परत येईपर्यंत तुम्ही घास घेतला नाहीत. प्रोजेक्टमध्ये हिनं लिहिलं, ग्रामदैवत: फायर स्टेशन. तिच्या बाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी स्टार दिला.

गेल्या वर्षी ही म्हणाली, मी जॉइन करतेय. मी सरळ नाही म्हणाले. मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोन करून माझीच बाजू घेतली, "अगं, इतकी शिकलेली मुलगी, हे काय खूळ!" घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आजोबा असते तर त्यांनी मला अडवलं नसतं, यू नो दॅट." आता स्टेशनच्या भिंतीवरच्या शेवटच्या फोटोत ती उभी आहे. हेल्मेटखालून वेणी बाहेर आलीये, आणि हसू थेट तुमचं. तो फोटो बघितला की मला अभिमानही वाटतो आणि भीतीही.

धूर जरा विरळ झाल्यासारखा वाटतोय. हा कागद कुठे पाठवणार? मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवीन. लोकांना मी सांगते, आता सवय झाली, काळजी वाटत नाही. खोटं आहे ते, अण्णा. तिचं ताट झाकून ठेवलंय, आणि त्याच्या शेजारी माझंही. ती आली की गरम करून दोघी जेवू.