काळजीवरचा आळ

मी, नोन्ना ल्वोव्हना झारेत्स्काया, वय सहासष्ट, सेवानिवृत्त शरीरशास्त्र संशोधक, राहणार सेंट पीटर्सबर्ग, पूर्ण शुद्धीत आहे. पोट बिघडले आहे, डोके नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते, ते येणेप्रमाणे:

१. माझे दोन खोल्यांचे घर माझी एकुलती एक मुलगी ताया हिला मिळावे. ती माझ्या मनाविरुद्ध लग्न करून व्लादिवोस्तोकला गेली. त्याच वर्षी मला अल्सर झाला आणि माझी नणंद रिम्मा तिला फोनवर म्हणाली, "आईच्या पोटाला भोक तूच पाडलंस गं बाई!" तेव्हापासून ताया आलेली नाही. बोलावले की म्हणते, "नको आई, मला बघून तुझं पुन्हा दुखेल."

२. रिम्माला मुरंब्याच्या सगळ्या बरण्या द्याव्यात. तोंडात गोड असले की ती कमी बोलते.

३. घराबरोबर तायाने हेही स्वीकारावे. प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना उपाशी ठेवून थंडीत डांबायचो आणि त्यांच्या पोटातले अल्सर तपासायचो. ताणात रक्तात जे संप्रेरक उतरते तेच पोट पोखरते, असे आम्हाला शिकवले होते. म्हणून ते औषधाने अडवून पाहिले, आणि पहिल्याच खेपेला एकाही उंदराला अल्सर नव्हता. आम्ही नाचायचेच बाकी होते, तर प्रत्येकाच्या पोटात काळा पाव निघाला! उंदरांची देखभाल करणारी क्लावा येगोरोव्हना ही लहानपणी या शहराला पडलेल्या जर्मनांच्या वेढ्यातून, उपासमारीतून वाचलेली. विभागप्रमुख ओरडले तेव्हा ती म्हणाली, "उपास काय असतो ते मला विचारा साहेब. माझ्या हाताखाली कुणी उपाशी राहणार नाही. काढायचं तर काढा!" मी तिला काढू दिले नाही. जिथे उंदरांना पोटभर खायला घालतात तिथे तिची बदली करून घेतली. अशी माणसे असतात म्हणून शहरे जगतात.

मग प्रयोग नव्याने केला. ते संप्रेरक अडवले, तर अल्सर वाढले. परत दिले, तर कमी झाले. ज्याला चोर म्हणून धरले तो राखणदार निघाला! वर्षानुवर्षे साचून राहिले तर तेही नडते, हे खरे. पण अडीअडचणीला शरीर आपल्याच पोटाशी पहारा बसवते, याचे मला आजही कौतुक वाटते.

म्हणून तायुश्का, ऐक. माझा अल्सर गुडघ्यासाठी उपाशीपोटी गिळलेल्या गोळ्यांनी केला. तुझी काळजी मी पुष्कळ केली, अजून करते. पण भोक तू पाडले नाहीस.

४. साक्षीदाराला वारसा देता येत नाही, म्हणून माझा लोकरी कोट क्लावाला आजच दिला आहे.

५. मी गेल्यावरच्या जेवणात रीतीप्रमाणे माझ्या फोटोपुढे व्होडकाचा पेला आणि त्यावर काळ्या पावाची चकती ठेवाल. मेलेल्याच्या त्या चकतीला कोणी हात लावत नाही. मी माझा हक्क सोडते. ती तायाने खावी. जिवाला घोर लागला की ती काही खात नाही.

६. असे कागद मेल्यावर वाचायचे असतात. तायाला मी प्रत आजच पाठवत आहे. ती आधी आली तर कलम ५ रद्द समजावे. तो पाव आम्ही दोघी अर्धा-अर्धा खाऊ.

स्थळ: सेंट पीटर्सबर्ग
दिनांक: १४ ऑक्टोबर २००४

सही: नोन्ना झारेत्स्काया

साक्षीदार:
मारात इल्यिच सुखानोव, शेजारी
क्लावदिया येगोरोव्हना पिमेनोवा. वाचलं. ताया, तू ये. पाव मी आणते.