बेबीची पाठ

रविवार, संध्याकाळ. खालापूर.

आज धाकटीला, बेबीला, मोबाईलवर एक सिनेमा दाखवला. भुताचा म्हणतात, पण भूत नाहीच. एका शाळकरी मुलीच्या पाठीवर शेवाळ उगवतं आणि गाव तिला भितं. शेवटी तीच जिंकते. बेबीच्या पाठीवर जन्मापासून मोठा केसाळ डाग आहे. मला वाटलं, हिला धीर येईल. मला नेहमी असलंच काहीतरी वाटतं.

ती घाबरली नाही. ते शेवाळ मात्र थांबवून थांबवून बघत होती.

"ताई, माझं असंच दिसतं का गं?"

"नाय गं. काय नाय दिसत."

"मग आई कुणासमोर कपडे का बदलू देत नाय? फोटो काढ."

एवढी बी.ए. झाले. स्वतःची पाठ तिला दिसत नाही, हे कधी डोक्यातच आलं नाही? आम्ही कुणी दाखवलीच नाही. काढला फोटो. तिने तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"येवढंच? तुमी येवढं लपवता, मला वाटलं काय तरी भयंकर असंल."

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. सवयीने तिच्या ड्रेसची चेन तेवढी वर ओढली, पार मानेपर्यंत.