डोंग्याबाहेर काढलेल्या वहाणा

इस्तारीभाऊले मुंबईच्या गोदीतून लहान्या उमाजीचा रामराम. माय-बाच्या पाया माझ्यावतीनं तूच पड.

मी बरा आहो. मोठ्या लढाईतलं एक जुनं जहाज पाणी काढलेल्या गोदीत उभं केलं आहे. दिवसभर त्याच्या पत्र्यावरचा जंग ठोकून काढून राह्यलो. साहेब म्हणते, नवं येईपर्यंत दर्यावर पहारा यालेच द्याचा आहे. रात्री झोपतानाबी कानात हातोडी वाजत राहते, बाकी काई नाई.

पहिल्या दिवशी चढताना सवयीनं वहाणा खाली काढल्या, आपण नदीवर बाच्या डोंग्यात पाय ठेवताना काढतो तशा. जंगाची खपली तळपायात घुसली. मुकादम ओरडला, "हे काय देऊळ आहे काय?" जखम आता सुकली. मायजवळ बोलू नको.

बाचा खोकला कसा आहे? नदीवर जाते का अजून?

तू लिहिलं, बाचा डोंगा सडला, जळणाले फोडतो. सुट्टी भेटली असती तं डांबर घेऊन मीच आलो असतो. इतक्या दुरून तुले काय अडवू? फक्त कुऱ्हाड लावाच्या आधी बाले एकदा त्यात बसाले सांग. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, तं कुऱ्हाड घरी ने.

थकलेला, पण तुझाच,
उमाजी