आत्या धुळ्याला रडली त्याबद्दल

जळगाव

ती. चुडामणभाऊ यांना योगराजचा नमस्कार.

सुरतेला तुमची तब्येत आणि वहिनींचे गुडघे ठीक असतील असे धरून चालतो. (फोनवर आपण दोघेही 'बाकी काय' म्हणत राहतो आणि मग रेंज जाते, म्हणून लिहितो.) झुंबरआत्याने, म्हणजे तुमच्या आईने, धुळ्याच्या सभागृहात तमाशा केला असे तुमच्या कानावर आल्याचे कळले. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, तेव्हा खरे काय ते सांगतो.

माझी आई गेली त्या दिवशी आत्या असोद्याहून आली ती जिन्यापासूनच रडत आली. आपल्या बाया नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाशी सुरात बोलतात, तक्रारी सांगतात. आणि एकीने सुरू केले की दुसरीने उठून तिच्या गळ्यात पडायचे असते. नाही पडली तर जन्मभर बोल लागतो. आत्या म्हणत होती, "वहिनी वं, पापडाचं पीठ भिजेल ठिवलं, आन् तू कुठी निंघाली?" (पीठ खरेच भिजवलेले होते. नंतर टाकून दिले.) तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्ष कोकिळा मॅडम वर आल्या. मुलांच्या परीक्षा आहेत, शिवाय सुशिक्षित वस्तीत दुःख आत ठेवायची पद्धत असते, असे त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले. (हातात मोबाइल होता. तो रेकॉर्डिंगवर होता हे पुढे समजले.) मी मान हलवली. आत्याने पदर तोंडात घातला.

काही महिन्यांनी त्याच मॅडमनी सोसायटीत पास वाटले. धुळ्याला त्यांचा प्रयोग होता, 'आक्रोश: खान्देशी स्त्रीचा आदिम स्वर'. बस त्यांचीच, कारण रिकाम्या खुर्च्या त्यांना नको होत्या. आई गेल्यापासून आत्या कुठे गेली नव्हती, म्हणून मी तिला सोबत नेले. सभागृहातल्या बायांनी, आपल्या आज्यांनी मोडून सोने केले तसले चांदीचे दागिने घातले होते. एका गृहस्थांनी वेदनेचे सौंदर्य बराच वेळ समजावले. मग अंधार झाला, तानपुरा लागला आणि मॅडम नवीन लुगड्याला मुद्दाम ठिगळ लावून आल्या. डोळे मिटून त्यांनी सुरू केले, "वहिनी वं, पापडाचं पीठ भिजेल ठिवलं..."

शब्दन् शब्द तोच. कोणी हलले नाही. (कलेत हलायचे नसते.) आत्या मात्र उठली. एक बाई रडते आहे आणि कोणीच तिच्याजवळ जात नाही, हे तिला बघवेना. चपला काढून ती स्टेजवर चढली, मॅडमच्या गळ्यात पडली आणि माइकमध्ये पुढची ओळ लावली. ती मॅडमकडे नव्हती, कारण त्या दिवशी तिथेच त्यांनी आत्याला गप्प केले होते. मॅडम तिचे हात सोडवत होत्या. दोन कार्यकर्ते धावले. आजी, हा कार्यक्रम आहे, असे एकाने समजावले.

आत्याने डोळे पुसले आणि विचारले, "मंग हे बाई कायले रडे? हिचं कोन मेलं?"

लोक हसले. आत्याला बाहेर नेले आणि मॅडमना शाल मिळाली. कच्चे दुःख वेगळे आणि कला वेगळी, असे कार्यक्रमाचे अध्यक्ष भाषणात म्हणाले. मला कलेतले कळत नाही (मी पाणीपट्टीच्या टेबलावर असतो), पण नियम असा दिसतो की जिन्यात रडले तर गोंगाट, स्टेजवर रडले तर स्वर. फक्त मेलेले माणूस दुसऱ्याचे हवे.

परतल्यावर बसमधून उतरताना आत्या एवढेच म्हणाली, "आता आपन नाही रडनार, बापू. शिकेल बायाच चांगल्या रडता." त्यानंतर तिच्या गल्लीत एक मयत झाले, तर ती तिथे हात जोडून परत आली. तमाशा म्हणायचा असेल तर याला म्हणा.

आपला,
योगराज

ता. क. पुढच्या महिन्यात आईचे वर्षश्राद्ध आहे. तुम्ही या, आणि येताना असोद्याहून आत्याला घेऊन या. ती तुमचेच ऐकेल. तिला सांगा, दार उघडे असेल. मॅडम वर यायला लागल्या तर जिन्यात मी उभा असेन, आणि या वेळी मान हलवणार नाही.

ता. क. २. मॅडमबद्दल बरेच लिहिले, पण एक राहिले. त्यांनी ती पहिली ओळ म्हटली तेव्हाच, आत्या उठायच्या आधी, आई गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आले. शेजारच्या गृहस्थांनी 'शू' केले, म्हणून ते अर्धेच राहिले. उरलेल्यासाठी आत्या हवी. हे तिला सांगू नका.