चुंबकाचा जुना आकडा

३ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं. तुमचा मुलगा जाऊन आठ महिने झाले, पण मला अजून धड काहीच वाटत नाही. प्रयोगशाळेत जाते, येते, जेवते.

तुम्ही चौकट करून भिंतीला लावलेला आमचा शोधनिबंध चुकीचा निघाला. अतिथंडीत इलेक्ट्रॉन जोडीने चालतात आणि वीज विनाअडथळा वाहते, हे त्याने तुम्हाला समजावलं होतंच. नेहमीच्या जोडीत दोघांची फिरकी एकमेकांच्या उलट असते आणि जोरदार चुंबकापुढे ती जोडी फुटते. आमच्या नमुन्यातली, म्हणजे अणुभर जाडीच्या पापुद्र्यातली, जोडी फुटली नाही. म्हणून आम्ही लिहिलं, ही जोडी वेगळी, दोघांची फिरकी एकाच दिशेची. आता कळलं की चुंबक नवा बसवला, पण किती विजेला चुंबकाचा किती जोर, हा आकडा संगणकात जुन्याचाच राहिला. खरा जोर आम्ही लिहिला त्याच्या निम्माही नव्हता. तेवढ्यात साधी जोडीसुद्धा टिकते.

निबंध मागे घेताना चूक कुणाची तेही लिहावं लागतं. विभागप्रमुख म्हणतात, गेलेल्या माणसावर टाका, तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुमची सून

१० मार्च

चि. सूनबाईस अ. उ. आ.

फिरकीचं डोक्यावरून गेलं, पण आकड्याचं लगेच समजलं. चाळीस वर्षं दुकानांचे तराजू तपासले मी. काटा नवा आणि शिक्का जुना, असे कितीतरी पकडले. चौकट काढून ठेवली. ती दाखवून शेजारच्या मास्तरांचा मी जीव खाल्ला होता, ते सुटले बिचारे.

प्रमुख म्हणतात तसंच कर. त्याची नोकरी आता कोण घेणार? तुझा जन्म जायचा आहे. तसाही तो लहानपणापासून धांदरटच. माझी परवानगी समज, आणि दोन वेळा नीट जेवत जा.

माया आहेच.

बाबा

१६ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तो धांदरट नव्हता. चूक माझी आहे. मागच्या पत्रात लिहायचा धीर झाला नाही.

चुंबक बदलला तेव्हा तो दवाखान्यात होता. फोनवर त्याने विचारलं, आकडा बदललास ना. त्याला झोप लागावी म्हणून मी न बघताच हो म्हणाले. मग बघायचं राहूनच गेलं. त्याच आकड्यावर काढलेला आलेख नेऊन दाखवला तर त्याने नर्सलाही बोलावून दाखवला. चौथ्या दिवशी गेला.

काल निबंध मागे घेतला, चूक माझ्या नावावर लिहून. नोकरीचं व्हायचं ते होईल, त्याचंही काही वाटत नाही. त्याला खोटं सांगितलं, तेवढं मात्र टोचतं. रागावलात तरी पत्र पाठवत जा.

तुमची सून

२४ मार्च

चि. सूनबाईस अ. उ. आ.

दोन दिवस रागावलो होतो. खोटं कशाला बोलू? आता नाही.

एक गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. तो गेला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आता आशा नाही. तासाभराने त्याचा फोन आला, डॉक्टर काय म्हणाले म्हणून. मी म्हणालो, महिनाभरात घरी सोडतील. तो बरं म्हणाला.

सुट्टी मिळाली की इकडे ये. आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

बाबा