दुखणं थांबल्यावर

प्रिय विहीणबाई,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दुखणं थांबलं, फोटो स्वच्छ आला, तरी माझ्या लेकीच्या गळ्यात पट्टा! सुनेला बांधून ठेवायची ही नवी तऱ्हा दिसते." आता एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसून उत्तर लिहिते आहे.

सूनबाई जिन्यावरून पडली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "आखडलेले स्नायू मणक्यांना धरून ठेवतात, म्हणून फोटोत सगळं जागच्या जागी दिसू शकतं. मान सैल झाली की वाकवून पुन्हा फोटो काढू." आमचे हे गेल्यापासून पुस्तकंच माझ्या सोबतीला आहेत, पण इतकी भीती कुठल्या पुस्तकानं घातली नव्हती.

तुमच्या फोननंतर तिनं पट्टा काढून ठेवला. आज सकाळी उठताना तिनं स्वतःचीच वेणी मुठीत धरली आणि तिच्या आधारानं डोकं उशीवरून उचललं.

"अशा काय बघताय, आई? अक्कल वाढली, डोकं जड झालं!"

मला हसू आलं नाही. मी तिला इथे घेऊन आले. ती आत चालत गेली.

आत्ता आतून डॉक्टरांचा आवाज आला, "हळूहळू पुढे वाक. जमेल तेवढंच." मग दार उघडून ते ओरडले, "वाकल्यावर मणका सरकतोय. स्ट्रेचर आणा. तिला एक पाऊलही चालू देऊ नका."

विहीणबाई, आता उत्तर कसलं द्यायचं? हे पत्र टाकत नाही, फोनच करते. रागावलेल्याच या, पण लगेच निघा.

तुमची,
विहीण